बऱ्या दिवसांतला दमा

(न्यू टाउन, कोलकाता येथे मराठी श्रोत्यांपुढे दिलेल्या स्मृतिव्याख्यानाचा मजकूर. बोलण्यातला क्रम तसाच ठेवला आहे.)



ज्या बाईंच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी या शहरात सोनं-चांदी शुद्ध करणाऱ्या गलाईवाल्यांच्या मुलांना मराठी लिहायला-वाचायला शिकवलं. यंदाचा विषय त्यांच्या विद्यार्थ्यांनीच सुचवला. दमाच का, असं मी विचारलं तेव्हा त्यांच्यातला एकजण म्हणाला, "ताई, आमच्या बऱ्याच घरांत कुणाला ना कुणाला धाप लागते. पण दमा मात्र कुणालाच नाही."

हे वाक्य मी लिहून ठेवलं, कारण नेमकी हीच गोष्ट आकड्यांनीही सांगितलेली आहे. 'ग्लोबल ॲस्थमा नेटवर्क' या जागतिक पाहणीचे भारतातले निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले. देशातल्या नऊ केंद्रांवर हे काम झालं आणि त्यांत कोलकाताही होतं, पुणेही होतं. पुण्याचे डॉ. संदीप साळवी हे या कामातलं एक प्रमुख नाव. सहा-सात वर्षांची मुलं, तेरा-चौदा वर्षांची मुलं आणि मुलांचे पालक अशा सव्वा लाखाहून जास्त माणसांची माहिती गोळा झाली. गेल्या वर्षभरात छातीत घरघर झाली, असं सांगणारे शंभरात तीन-साडेतीन निघाले. हा आकडा फार मोठा नाही. पण या घरघर होणाऱ्यांपैकी ८२ टक्के लोकांना 'तुम्हाला दमा आहे' असं कुणीच सांगितलेलं नव्हतं. ज्यांची लक्षणं तीव्र होती, त्यांच्यातल्याही ७० टक्क्यांना सांगितलेलं नव्हतं. आणि ज्यांना सांगितलं होतं, त्यांच्यात रोज श्वासातून घ्यायचं स्टेरॉइड वापरणारे दहा टक्केसुद्धा नव्हते.

याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा. जगातल्या दम्याच्या रुग्णांपैकी साधारण १३ टक्के भारतात आहेत, आणि दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी चाळीस टक्क्यांहून जास्त भारतात होतात. औषध आपल्याकडे मिळत नाही म्हणून हे होतं का? नाही. दम्याचे पंप आपल्याच देशात तयार होतात आणि गल्लीतल्या औषधाच्या दुकानात मिळतात. माझ्या मते खरी अडचण अशी आहे, की दमा आपण झटक्याच्या रात्री ओळखतो आणि झटक्याच्या रात्रीच त्यावर औषध घेतो. मधल्या बऱ्या दिवसांत तो रोग आहे, हे डॉक्टरही विसरतात आणि रुग्णही. आज मला त्या बऱ्या दिवसांबद्दल बोलायचं आहे.

आधी निदान. दम्यात श्वासनलिकांच्या आतल्या अस्तराला कायमची बारीक सूज असते. ती सूज नलिकांना चिडखोर करते. मग धूर, धूळ, थंड हवा, सर्दीचा विषाणू असं काहीही निमित्त झालं, की नलिकांभोवतीचे स्नायू आवळतात, चिकट कफ साचतो आणि हवा आत घेण्यापेक्षा बाहेर सोडणं अवघड होऊन बसतं. निमित्त सरलं की नलिका पुन्हा मोकळ्या. म्हणून सकाळी अकरा वाजता माझ्यापुढे बसलेल्या माणसाच्या छातीत मला काहीही ऐकू येत नाही. स्टेथोस्कोप स्वच्छ, एक्स-रे स्वच्छ. तेवढ्यावर 'तुम्हाला काही नाही' म्हणणं म्हणजे ओहोटीच्या वेळी खाडी पाहून इथे पाणी येतच नाही असं सांगणं.

म्हणून विचारावं लागतं, आणि विचारायला वेळ द्यावा लागतो. पहाटे तीन-चारला खोकल्याने जाग येते का? मोठ्याने हसल्यावर खोकला सुरू होतो का? धाप जिना चढताना लागते, की वर पोचून पाच-दहा मिनिटांनी छाती आवळते? पहिल्या प्रकारात हृदय असेल, वजन असेल, रक्त कमी असेल. दुसरा प्रकार दम्याचा असण्याची शक्यता जास्त. सर्दी झाली की दर वेळी छातीत उतरते का? सकाळी उठल्यावर शिंकांची माळ लागते का? घरात कुणाला दमा, इसब, नाकाची ॲलर्जी? डोकेदुखीची गोळी घेतल्यावर कधी श्वास अडकला होता? काचबिंदूसाठी डोळ्यांत थेंब घालता का? हा शेवटचा प्रश्न ऐकून लोक गोंधळतात, पण त्यातल्या काही थेंबांमधलं औषध नाकाच्या वाटेने रक्तात जातं आणि श्वासनलिका आवळतं.

आणि इथे, न्यू टाउनमध्ये, आणखी काही प्रश्न. पुण्याहून, मुंबईहून नोकरीसाठी आलेली मंडळी मला सांगतात की तिकडे काही नव्हतं, इथे आल्यावर सुरू झालं. ही पाणथळ, दमट जागा आहे. पूर्वेच्या ज्या पाणथळी २००२ साली जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत गेल्या, त्या इथून फार दूर नाहीत. दमट हवेत गादी-उशांमध्ये धुळीतले डोळ्यांना न दिसणारे किडे भरपूर वाढतात, आणि बंगाली शेजाऱ्यांकडून आपण पाशबालिश, म्हणजे लांब लोड, कुशीत घेऊन झोपायची सवयही लावून घेतली आहे. पाणी आहे म्हणजे डास आहेत. मच्छर अगरबत्तीची एक कॉइल जळते तेव्हा तिच्यातून ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण बाहेर पडतात, असं २००३ सालच्या एका अभ्यासात मोजलं गेलं. आपण ती खिडक्या लावून, पाळण्याशेजारी लावतो. संध्याकाळी घरोघरी धुनो फिरतो. नारळाच्या शेंड्या आणि राळ यांचा तो धूर मलाही आवडतो, देवीच्या आरतीत तो नसला तर मला चुकल्यासारखं होतं. पण दम्याच्या मुलाला त्या अर्ध्या तासात दुसऱ्या खोलीत ठेवा. शरदात मोकळ्या प्लॉटांवर काश हे गवत फुलतं आणि फोटो काढायला गर्दी होते. तो पांढरा कापूस डोळ्यांना दिसतो. त्रास देतात ते गवतांचे परागकण दिसत नाहीत. आणि थंडीत हवा खाली दाबली जाते, तेव्हा बांधकामाची धूळ, गाड्यांचा धूर, जाळलेला कचरा सगळं आपल्याच उंचीवर तरंगत राहतं.

विचारून झालं की मोजायचं. रक्तदाब न मोजता रक्तदाबाची गोळी कुणी देत नाही, पण फुंकर न मोजता दम्याचं औषध सर्रास दिलं जातं. जॉन हचिन्सन नावाच्या डॉक्टरने लंडनमध्ये १८४६ साली स्पायरोमीटर लोकांपुढे आणला. आजचं यंत्र त्याचाच हातात मावणारा वंशज. रुग्ण खोल श्वास घेतो आणि जीव एकवटून, जोराने, शेवटच्या थेंबापर्यंत हवा बाहेर टाकतो. माझी सहायक शेजारी उभी राहून ओरडत असते, "आरो, आरो, आरो!" मराठी माणूस असला तर "अजून, अजून!" पहिल्या एका सेकंदात किती हवा बाहेर पडली, यावर सगळं ठरतं. मग पंपातून नलिका सैल करणाऱ्या सालब्युटामॉलचे चार फवारे देऊन पंधरा मिनिटं बसवायचं आणि पुन्हा फुंकायला लावायचं. ती एका सेकंदाची हवा १२ टक्क्यांनी आणि किमान २०० मिलिलिटरनी वाढली, तर नलिका आवळलेल्या होत्या आणि सुटल्या, हे कागदावर आलं.

नाही वाढली, तर दमा नाही असं नव्हे. हे मी तरुण डॉक्टरांना पुन्हा पुन्हा सांगते. बऱ्या दिवशी तपासणी बरीच येणार. अशा वेळी दोन आठवडे घरी पीक फ्लो मीटर द्यायचा. प्लास्टिकची साधी नळी, त्यात एक सरकता काटा. सकाळ-संध्याकाळ फुंकायचं आणि वहीत आकडा लिहायचा. सकाळ-संध्याकाळच्या आकड्यांतला फरक मोठ्या माणसात रोजच्या सरासरीने दहा टक्क्यांच्या वर राहिला, की दम्याची बाजू भक्कम होते.

या वहीने काय होतं, ते एका रुग्णाच्या निमित्ताने सांगते. ओळख पटू नये इतके तपशील बदलले आहेत. बौबाजारात गलाईचं दुकान असलेले एक दादा, गाव खानापूर तालुक्यातलं. खानापूर, आटपाडी, तासगाव या भागातली माणसं दुष्काळाने घराबाहेर पडली आणि सोनं-चांदी शुद्ध करण्याच्या धंद्यात देशभर पसरली, हे तुम्हाला मी सांगायला नको. तुमच्यातले कितीतरीजण त्याच घरांतले आहेत. दादा जाडजूड फाइल घेऊन आले. कुठे ॲलर्जिक ब्राँकायटिस लिहिलेलं, कुठे इओसिनोफिलिया. क्षयाच्या औषधांचा सहा महिन्यांचा कोर्सही पुरा झालेला. थुंकीत जंतू एकदाही सापडलेला नव्हता. मी विचारलं, बरं कधी असतं? ते म्हणाले, "गावाकडं गेलं की काय बी हुईत न्हाई बघा ताई. हितं आलं की परत चालू." बंगालचं पाणी आपल्याला मानवत नाही, असा त्यांनी अर्थ लावला होता.

मी त्यांना पीक फ्लो मीटर दिला आणि दिवसातून चार वेळा फुंकायला सांगितलं. आधी दुकानात असताना, मग यात्रेला गावी गेल्यावर. त्यांनी हिशेबाच्या वहीसारखी नीट वही ठेवली. गावी आकडे चारशेच्या वर, सकाळ-संध्याकाळ जवळपास सारखे. दुकानात सोमवारी सकाळी बरे, आणि शनिवारी संध्याकाळी तीनशेच्या खाली. रविवारी पुन्हा चढलेले. त्या पानावर हवा-पाण्याचा प्रश्नच उरला नव्हता.

मग मी दुकान पाहायला गेले. दहा बाय बाराची माडीवरची खोली. जुने दागिने चांदीत वितळवायचे, त्याचे बारीक तुकडे करायचे आणि तेजाबात, म्हणजे नायट्रिक आम्लात उकळायचे. चांदी विरघळते, सोनं खाली उरतं. उकळी फुटली की तांबूस-तपकिरी धूर उठतो. तो नायट्रोजन डायऑक्साइड. नाकाला फारसा झोंबत नाही म्हणून माणूस तिथून हलत नाही, आणि तो थेट खालच्या बारीक नलिकांपर्यंत पोचतो. खोलीत एक टेबलफॅन होता. तो धूर बाहेर काढत नव्हता, खोलीभर फिरवत होता. तोंडाला ओला रुमाल. रुमाल धूळ अडवेल, वायू अडवत नाही. मौल्यवान धातूंच्या शुद्धीकरणातला दमा वैद्यकाला नवा नाही: १९४५ साली हंटर, मिल्टन आणि पेरी या डॉक्टरांनी इंग्लंडमधल्या प्लॅटिनमच्या कारखान्यांतल्या कामगारांचा दमा नोंदवला. तिथे प्लॅटिनमच्या क्षारांची ॲलर्जी होती, इथे तेजाबाचा धूर आधीच चिडलेल्या नलिकांना रोज डिवचतो. उपाय पहिला एकच, भांड्यावर धुराडं. पत्र्याचा पेटारा, वर नळी, नळीत बाहेर ओढणारा पंखा, आणि नळी शेजाऱ्याच्या खिडकीत न सोडता छपराच्या वर. दादांनी ते करून घेतलं. दमा गेला नाही, पंप घ्यावाच लागतो. पण शनिवारचा आकडा आता तीनशेच्या खाली जात नाही. धंदा सोडा, असं त्यांना सांगणं मला सोपं होतं. ते त्यांच्या उपयोगाचं नव्हतं. तुमच्यातल्या प्रत्येक गलाईवाल्याने घरी गेल्यावर आपल्या भांड्यावर धुराडं आहे का ते पाहावं, एवढं माझं आज ऐका.

फाइलमधल्या त्या इओसिनोफिलियाबद्दल दोन शब्द. रक्तात इओसिनोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) वाढलेले दिसले, की तेच रोगाचं नाव म्हणून कागदावर येतं. खरं तर दम्यातही ते वाढतात. पण रात्रीचा खोकला, घरघर आणि प्रचंड वाढलेले इओसिनोफिल असा एक वेगळा आजार आपल्या देशात आहे, आणि त्याचं सुरुवातीचं एक वर्णन १९४० साली याच शहरातून निघणाऱ्या 'इंडियन मेडिकल गॅझेट'मध्ये फ्रिमोड्ट-म्योलर आणि बार्टन यांनी छापलं. हत्तीरोगाच्या जंतांवर शरीराने उठवलेलं हे वादळ असतं. त्याचं औषध वेगळं आहे आणि तीन आठवड्यांत गुण येतो. क्षय, धूम्रपानाने किंवा चुलीच्या धुराने झालेला सीओपीडी, दुबळं हृदय, लहान मुलाने ओढून घेतलेला शेंगदाणा, यांतही छाती वाजते. म्हणून विचारायचं आणि मोजायचं.

आता औषध. पंपाची भीती आपल्या घरांत किती खोल गेली आहे, ते मी रोज ऐकते. सवय लागते, हृदय कमजोर होतं, हा शेवटचा उपाय आहे. मुलीचं लग्न ठरेपर्यंत तरी पंप नको, असं सांगणारी आई माझ्याकडे येते. आणि ती मुलगी कॉलेजच्या स्वच्छतागृहात लपून पंप घेते, हेही मला माहीत असतं. त्या मुलींसाठी मला फार वाईट वाटतं. गोळी चालते, सिरप चालतं, सलाइन तर मानाचं. म्हणून हे हिशेब ऐका. सालब्युटामॉलची एक गोळी ४ मिलिग्रॅमची, म्हणजे ४००० मायक्रोग्रॅम. पंपाचा एक फवारा १०० मायक्रोग्रॅम. गोळीत चाळीस फवारे झाले, आणि ते पोटातून, रक्तातून, हातापायांना कापरं भरवत छातीत पोचतात. झटक्यात आपण प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड ४० मिलिग्रॅम देतो, ते ४०,००० मायक्रोग्रॅम. श्वासातून घ्यायच्या ब्युडेसोनाइड या स्टेरॉइडचा एक फवारा २०० मायक्रोग्रॅम. औषधं वेगळी आहेत, तुलना ढोबळ आहे; पण कशाला भ्यायचं, ते यातून कळतं. लहान मुलांत श्वासातल्या स्टेरॉइडचा उंचीवर परिणाम होतो का? होतो. अमेरिकेतल्या एका दीर्घ अभ्यासात अशी मुलं मोठी झाल्यावर सरासरी १.२ सेंटिमीटरने कमी उंच निघाली. हे मी आईबापांपासून लपवत नाही. दुसऱ्या बाजूला रात्र रात्र बसून काढणारं मूल असतं, तेही मी त्यांना दाखवते.

निळा पंप, म्हणजे नुसतं सालब्युटामॉल, पाच मिनिटांत छाती मोकळी करतो; म्हणूनच तो फसवा आहे. तो स्नायू सैल करतो, सूज तशीच ठेवतो. असल्या नुसत्या आराम देणाऱ्या पंपांनी इतिहासात घात केलेला आहे. १९६०च्या दशकात इंग्लंडमध्ये आयसोप्रेनलिनच्या तीव्र पंपांच्या काळात, आणि १९७०च्या अखेरीपासून न्यूझीलंडमध्ये फेनोटेरॉलच्या काळात, दम्याचे मृत्यू एकाएकी चढले. उलट बाजूचा पुरावा कॅनडातून आला: २००० साली स्वीसा आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की वर्षभरात स्टेरॉइड पंपाचा एकेक डबा जास्त वापरला, तसा दम्याने मरण्याचा धोका सुमारे २१ टक्क्यांनी उतरत गेला. एवढा पुरावा हाती असूनही जगाचा नियम बदलायला २०१९ साल उजाडलं. त्या वर्षी 'जीना' या जागतिक मार्गदर्शक संस्थेने सांगितलं, की बारा वर्षांवरच्या कुणालाही नुसत्या निळ्या पंपावर ठेवू नका. सूज उतरवणारं ब्युडेसोनाइड आणि नलिका सैल करणारं फॉर्मोटेरॉल एकाच पंपात मिळतात. सौम्य दम्यात तोच पंप लागेल तेव्हा घ्यावा. म्हणजे धाप उतरवताना सूजही उतरते. त्याच्या वरच्या पायऱ्यांवर तोच रोज, सकाळ-संध्याकाळ. सुईने द्यायची महागडी जैविक औषधं फार थोड्यांना लागतात, आणि ती लागतात असं ठरवण्याआधी पंप नीट घेतला जातो का, ते पाहायचं.

तो बहुतेकांकडून नीट घेतला जात नाही. माझ्यापुढे पंप घेऊन दाखवा म्हटलं की दिसतं: टोपण काढलं, हलवायचं विसरलं, अर्धा फवारा जिभेवर, उरलेला हवेत. खरी पद्धत अशी. पंप हलवा. श्वास पूर्ण सोडा. ओठ घट्ट मिटा. हळू, लांब श्वास घ्यायला सुरुवात करा आणि त्याच क्षणी डबी दाबा. दहा आकडे मोजेपर्यंत श्वास धरा. दुसरा फवारा अर्ध्या-एक मिनिटाने. मग चूळ भरा, नाहीतर तोंड येतं. लहान मुलाला आणि हात थरथरणाऱ्या आजोबांना स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, लावा, तीन-चार वर्षांच्या आतल्या मुलाला स्पेसरवर मास्क. मागे एक आजी ठाण्याजवळच्या गावाहून नातवंडांकडे आल्या होत्या. त्या दोन वर्षं पंप नाकात मारत होत्या. त्यांना कुणी दाखवलंच नव्हतं.

कोजागरीच्या खिरीतून दम्यावर देतात ते औषध आणि हैदराबादला दम्यासाठी गिळायला देतात ती मासळी, यांबद्दल मला नेहमी विचारतात. दमा आपोआप चढतो आणि उतरतो, म्हणून उतरत्या काळात घेतलेल्या कशालाही यश मिळतं. खीर श्रद्धेने खा. पंप बंद करून खाऊ नका. बाळदमा मोठेपणी जातो, हे मात्र बरंचसं खरं आहे. तीन वर्षांच्या आत घरघर झालेल्यांपैकी साधारण ६० टक्के मुलांची घरघर सहाव्या वर्षापर्यंत थांबते, असं अमेरिकेतल्या टक्सनच्या अभ्यासात १९९५ साली दिसलं. पण कुणाची थांबेल हे आधी सांगता येत नाही, म्हणून वाट पाहण्याच्या काळातही मुलाला झोप मिळाली पाहिजे, शाळा मिळाली पाहिजे.

शेवटी झटका. ब्रिटनमध्ये दम्याच्या १९५ मृत्यूंची छाननी करून २०१४ साली अहवाल निघाला. त्यांतली जवळजवळ निम्मी माणसं मदत मागण्याआधी किंवा मदत पोचण्याआधी गेली होती. म्हणून घरातल्या सगळ्यांना हे पाठ हवं. एक वाक्य सलग बोलता येत नाही, मान आणि बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते, ओठ काळसर दिसतात, किंवा निळ्या पंपाचा उतार चार तासही टिकत नाही, तर हा मोठा झटका. बसवून ठेवा, आडवं करू नका. निळा पंप स्पेसरमधून चार ते दहा फवारे, एकेक करून. गरज पडली तर वीस मिनिटांनी पुन्हा. आणि हे करत असतानाच गाडी बोलवा. घरघर एकदम थांबली आणि माणूस गळून गेला, तर आराम पडला समजू नका. हवा आत जायचीच थांबली आहे. बोटावरच्या ऑक्सिजनच्या यंत्राचा आकडा उशिरा उतरतो, त्यावर विसंबू नका. आणि झटका ओसरल्यावर दोन दिवसांत डॉक्टरकडे जा, कारण पुढचा झटका त्या बऱ्या दिवसांतच तयार होत असतो. वर्षात निळ्या पंपाचे तीन डबे संपले असतील, तर झटका आला नसला तरी जा.

सूचना छापली होती, त्याप्रमाणे बरेचजण आपापले पंप घेऊन आले आहेत. प्रश्नोत्तरं झाली की बाजूच्या खोलीत माझी सहायक आणि मी बसू. एकेकाने आत यावं आणि आपला पंप आमच्यासमोर घेऊन दाखवावा. स्पेसर आणि पीक फ्लो मीटर तिथे ठेवले आहेत. लहान मुलं ज्यांच्याबरोबर आहेत, त्यांनी आधी यावं.